पाच लाखांआधी पन्नास माणसं

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात सांगते. हे गृहस्थ उच्च माध्यमिक विद्यालयात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले. चार मित्रांना घेऊन त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत जुन्या कॉम्प्युटरांचं संग्रहालय थाटलं आहे. बीबीसी मायक्रो आहे, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, पीसी-एक्सटी, २८६, ३८६ या जुन्या पिढ्यांचे पीसी, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि खोकी भरून फ्लॉपी आहेत. दर रविवारी उघडतं, पगारी कोणी नाही. भाडं आठ हजार, वीज सरासरी तीन, सुटे भाग आणि किरकोळ मिळून चार, असा महिन्याला पंधरा हजारांचा खर्च पाच मित्र तीन-तीन हजार काढून भागवतात. पेटीत दहा-वीसच्या नोटा पडतात, भाचा जीपेवर कधीतरी काही पाठवतो. आता एका उद्योजकाने पाच लाख देऊ केलेत. अट अशी, की संग्रहालयाला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं आणि समितीवर त्यांची दोन माणसं घ्यायची. भाचा इंग्लंडमधल्या स्विंडनला असतो, तो तिथल्या गोंयकारांकडून वर्गणी काढायला तयार आहे. एक तरुण स्वयंसेवक क्राउडफंडिंग करूया म्हणतो. पत्नी विचारते, "आणखी किती वर्षं?" आणि पत्राच्या तळाशी, कंसात: "गेल्या पावसाळ्यात आणखी अकरा मॉनिटर आले, जागा नाही म्हणून बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, ताडपत्रीखाली ठेवलेत."

स. न. वि. वि.

पैशांचं नंतर बोलू. आधी त्या कंसातल्या मॉनिटरांचं.

तुम्ही विचारलंत पैसे आणायचे कुठून, आणि मला पत्रात दिसलं ते पैसे जातात कुठून. लोक घर साफ करताना जुना कॉम्प्युटर तुमच्या दारात आणून टाकतात, आणि तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत खोलीतली हवा ओल्या फडक्यासारखी असते, फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी चढते, खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे होतात. २८६-३८६ च्या मदरबोर्डवर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी फुटून तिचं पाणी तांब्याच्या रेषा खात जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे फुकट आलेलं प्रत्येक यंत्र जागा, वीज आणि तुमच्या मित्रांचे रविवार खातं. ताडपत्रीखालचे अकरा मॉनिटर पाहून कुठलाही देणगीदार एवढंच समजेल, की या मंडळींना आहे तेच सांभाळता येत नाही. त्याच्या खिशातला हात तिथेच थांबतो.

म्हणून निधीच्या मोहिमेतलं पहिलं काम म्हणजे घेणं थांबवणं. एक कागद करा आणि दारावर लावा. आपल्याकडे असं यंत्र आधीच असेल तर घेणार नाही. ज्या यंत्रामागे गोव्यातली कुठली शाळा, कचेरी, छापखाना, घर आहे आणि ते कोण सांगू शकतं, त्याला प्राधान्य. आणि जो यंत्र देईल त्याने एका वर्षाचा सांभाळखर्च, समजा बाराशे रुपये, सोबत द्यायचा. तिसरी अट वाचून निम्मे लोक यंत्र परत गाडीत टाकतील. टाकू द्या. उरलेले तुमचे पहिले देणगीदार. दुबार आलेले आणि मेलेले सांगाडे अधिकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या. २०२२ चे ई-कचरा नियम त्यासाठीच आहेत, आणि भंगारवाल्याने पिक्चर ट्यूब फोडून तिचं शिसं शेजारच्या भाटात, म्हणजे बागायतीत, सांडलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आता, पैसे देणार कोण? "जुन्या कॉम्प्युटरांचं संग्रहालय" या पाटीला फोंड्यात गिऱ्हाईक फार नाही. ज्यांना ते आवडतं ते तुम्ही पाच जण, आणि तुम्ही आधीच पैसे देताय. पण "गोव्यात कॉम्प्युटर कसा आला" याला गिऱ्हाईक आहे, कारण ती गोष्ट इथल्या हजारो घरांची आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना काढली आणि ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो देशभरच्या शाळांत गेले. तुमचा मायक्रो एका शाळेच्या कपाटातून आला म्हणता, तर तो बहुधा त्यातलाच. त्या शाळेचं नाव आणि तो शिकवणाऱ्या बाईंचा फोटो मिळवा. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परदेशातल्या गोंयकारांनी 'गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट' उभारून वापरलेले पीसी कंटेनरने इथल्या शाळांना पाठवले. त्यांवर लिनक्स ही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम चालायची, तेही जेव्हा इथे लिनक्स म्हटल्यावर लोक साबणाचं नाव समजत. मग २००२ च्या सुमारास सरकारने 'सायबरएज' योजनेत अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर दिले. तो पहिल्यांदा घरात आला, तेव्हा त्यावर क्रोशाचं आवरण घालून तो देवघराच्या शेजारच्या खोलीत ठेवलेली घरं मी पाहिली आहेत.

सायबरएजची ती पहिली मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पर्वरीच्या कचेऱ्यांत, पुण्या-बंगळुरात नोकऱ्या करतात. गृहकर्ज फेडतात, पण महिन्याला तीनशे रुपये त्यांना जड नाहीत. त्यांतले कितीतरी तुमचे विद्यार्थी. तुमच्याकडचा सायबरएजचा पीसी कोपऱ्यात प्रिंटरखाली दबलाय असं तुम्हीच लिहिलंत. तो दारासमोर आणा, चालू ठेवा आणि त्यावर त्या काळी ज्यासाठी घरात मार पडायचा ते खेळ टाका. स्पेक्ट्रम दुर्मीळ असेल, पण पैसे हा पीसी मिळवून देईल.

तर हिशोब सरळ आहे. पन्नास माणसं, महिन्याला तीनशे, झाले पंधरा हजार. तुमचा आजचा खर्च निघाला आणि पाच मित्रांच्या खिशातून जाणारे तीन-तीन हजार मोकळे झाले. ती पन्नास माणसं मोठ्या कार्यक्रमातून येत नाहीत, व्हॉट्सॲपवर मजकूर फिरवूनही येत नाहीत. ती एकेकाला फोन करून, रविवारी बोलावून, समोर बसवून, आकडा तोंडाने उच्चारून मिळतात. आपल्याकडे यजमान पैशांचा विषय काढायला लाजतो आणि पाहुणा काढायची वाट बघतो, मग दोघं चहा पिऊन उठतात. तुम्ही पंचवीस वर्षं वर्गात फी मागितली नसेल, पण गृहपाठ मागितलात ना? त्याच आवाजात मागा. बँकेची स्थायी सूचना किंवा यूपीआय ऑटोपे तिथल्या तिथे करून घ्या, कारण घरी जाऊन करतो म्हणणारा करत नाही. आणि भिंतीवर फळा लावा: या महिन्याचं भाडं आठ हजार, वीज इतकी, जमले इतके. लोकांना 'संस्कृतीच्या जतनासाठी' पैसे द्यायला सुचत नाही. विजेचं बिल मात्र प्रत्येकाला कळतं.

ज्यांना महिन्याचं बंधन नको त्यांच्यासाठी एक गंमत करता येईल. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या कोलोसस या यंत्राची प्रतिकृती तिथे पुन्हा उभी केली आहे. त्यात अडीच हजारांच्या घरात व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. त्यांनी कोलोससच्या दालनासाठी लोकांना एकेक व्हॉल्व्ह पुरस्कृत करायला सांगितलं. तुमच्याकडे व्हॉल्व्ह नाहीत, पण १०१ कळांचा जुना कीबोर्ड आहे. त्याचं मोठं चित्र भिंतीवर काढा आणि एकेक कळ एकेका नावाने द्या. साध्या अक्षराला हजार, एंटरला पाच हजार. स्पेसबार एखाद्या बॅचने मिळून घ्यावा. एस्केप कोण घेतो ते पाहायला मीच येईन. पावती डॉट मॅट्रिक्सवरच छापा, कडेच्या भोकांच्या पट्टीसकट. त्याच्या रिबिनी अजून बाजारात मिळतात आणि ती करकर ऐकायला लोक दुसरी पावती फाडतील.

कमाईचा दुसरा मार्ग तुमच्या खोक्यांतच आहे, फ्लॉपी. गोव्यात मराठीत लिहिणारी, छापणारी कितीतरी माणसं नव्वदच्या दशकात डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीवर, गेली. कथासंग्रह, देवस्थानांच्या स्मरणिका, नाट्यसंहिता सगळं श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टांत आणि साडेतीन इंची फ्लॉपीवर अडकून पडलंय. आज ते वाचायला सहजी ड्राइव्ह मिळत नाही, वाचलं तरी पडद्यावर चिन्हांची खिचडी दिसते. तुमच्याकडे ड्राइव्ह आहेत, ग्रीझवीझलसारखं स्वस्त यूएसबी कार्ड आणलं तर पीसीला न कळणाऱ्या फ्लॉपीचीही प्रत काढता येते, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असा, करून देणारा स्वयंसेवक आहे असं तुम्ही लिहिलंत. निघालं तरच पैसे, असा दर ठेवा. बुरशीची फ्लॉपी आधी साफ केल्याशिवाय ड्राइव्हला लावू नका, नाहीतर तिची घाण पुढच्या दहा फ्लॉपींना लागेल. वकील, डॉक्टर, चर्चचे जुने हिशेब सांभाळणारे, सगळ्यांना हे काम हवं असतं, फक्त कुठे जायचं ते ठाऊक नसतं. एक मर्यादा ध्यानात ठेवा: पुढे नोंदणी करून धर्मादाय म्हणून करसवलत घेतलीत आणि आयकर खात्याने तुम्हाला 'सार्वजनिक उपयोगाच्या' गटात धरलं, तर अशी व्यवसायासारखी मिळकत एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. आज ती भीती नाही, पण सीएला आधीच सांगून ठेवा.

चित्रीकरणाला यंत्रं भाड्याने देणं हाही मार्ग आहे, गोव्यात कॅमेरे काही कमी फिरत नाहीत. नव्वदच्या काळातलं बँकेचं दृश्य घ्यायचं तर कला दिग्दर्शकाला तुमच्यासारखंच कोणीतरी शोधावं लागतं. मात्र त्यासाठी बाजूला काढून ठेवलेले मोजके मेलेले सांगाडेच द्या, चालू यंत्र कधीच नाही, आणि अनामत आधी घ्या.

मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याला आणि मसाल्याच्या बागांना जाणाऱ्या पर्यटकांच्या बसेस तुमच्या रस्त्यावरून जातात, त्यांच्यामागे लागू नका. त्यांचं वेळापत्रक मिनिटांवर बांधलेलं असतं आणि चालकाला कमिशन लागतं. शाळांच्या सहली घ्या. मुलाला बीबीसी मायक्रोवर बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहून स्वतःचं नाव पडद्यावर धावतं करता आलं, की ते संध्याकाळी बापाला घेऊन येतं. सोडतीची कुपनं मात्र नकोत. चतुर्थीला सार्वजनिक मंडळं गाडीचं बक्षीस लावून ती खपवतात हे खरं, पण त्यांच्यामागे दीडशे कार्यकर्ते असतात, तुम्ही पाच जण. परवानग्यांची भानगड वेगळीच.

आता थोडं कठोर बोलते. लोकांचे पैसे सध्या तुमच्या स्वतःच्या जीपेवर येतात. हे आजपासून बंद. तुमच्या प्रामाणिकपणावर माझा काडीचा संशय नाही, पण उद्या मित्रांत बिनसलं किंवा आयकराची नोटीस आली तर दाखवणार काय? १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी करा. त्याला किमान सात माणसं लागतात आणि तुम्ही पाच आहात. सहावा तो तरुण स्वयंसेवक. सातव्या तुमच्या सौभाग्यवती. "आणखी किती वर्षं" हा प्रश्न विचारणारं माणूस समितीत असायलाच हवं, आणि माझं मत विचाराल तर खजिनदार त्याच हव्यात. फक्त बँकेत जोडसह्या तुम्हा दोघा नवरा-बायकोच्याच नकोत. दुसरी सही घराबाहेरच्याची घ्या.

नोंदणीबरोबर एक वही घाला: कुठलं यंत्र दान, कुठलं उसनं, कोणाचं. आज हे तुमच्या डोक्यात आहे, आणि डोक्यातल्या यादीवर कोणी पैसे लावत नाही.

भाच्याचं. तो मोलाचा आहे, पण जपून. गोंयकाराने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर तो कायद्याने परदेशी नागरिक, हातात ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं, कार्ड असलं तरी. त्याच्याकडून संस्थेने देणगी घ्यायची तर परदेशी अंशदान कायद्याची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणी नव्या संस्थेला सहज मिळत नाही. जुनी, तीन वर्षं काम आणि खर्च दाखवणारी संस्था लागते. स्विंडनमधले निम्मेअधिक आपले लोक पोर्तुगीज पासपोर्टवरच गेलेले असणार, तेव्हा तिथे सरसकट वर्गणी काढणं म्हणजे विकतचं दुखणं. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात मोडत नाहीत. म्हणजे भाच्याला पहिलं काम द्या ते यादी करण्याचं: कोणाकडे कुठला पासपोर्ट. "मामाच्या नावावर पाठवतो, मामा संग्रहालयाला देईल" ही पळवाट तो सुचवेलच. नको म्हणा. आणि तुमच्या दारातल्या पेटीचंही बघा. परदेशी पर्यटकाने रुपयांत टाकलेली नोटसुद्धा परदेशी देणगीच ठरते. त्याला तिकीट फाडा. तिकीट ही सेवेची किंमत, ते चालतं.

सरकारी आणि कंपन्यांच्या पैशांवर फार वेळ घालवत नाही, कारण या वर्षी ते तुम्हाला मिळणार नाहीत. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा तर सीएसआर-१ नोंदणी, १२ए (संस्थेची करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराची करवजावट) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकराच्या नोंदण्या, शिवाय तीन वर्षांचं काम लागतं. म्हणून घड्याळ आत्ता सुरू करा, नोंदणीची तारीख जितकी लवकर तितकं बरं. ८०जीने छोटे देणगीदार धावत येतील ही आशा ठेवू नका. नवी कररचना घेणाऱ्याला ती वजावट मिळतच नाही, दोन हजारांवरच्या रोख देणगीलाही नाही, आणि वस्तूरूप दानाला तर मुळीच नाही. तेव्हा "माझ्या ३८६ ची ८०जी पावती द्या" म्हणणाऱ्याला हसून चहा द्या. कला व संस्कृती संचालनालयाच्या अनुदान योजना पाहून ठेवा. आणि पटाअभावी बंद पडलेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांच्या इमारती आपल्या तालुक्यातही आहेत, त्यातली एक शिक्षण खात्याकडे मागून बघा. आठ हजार भाडं वाचणं ही कुठल्याही अनुदानापेक्षा मोठी देणगी. मिळेपर्यंत सध्याच्या घरमालकाशी लिव्ह अँड लायसन्सचा कागद नीट करा. राहणारा उद्या कूळ-मुंडकार म्हणून घरावर हक्क सांगेल या भीतीने आपल्याकडे लोक रिकामं घर कुलपात कुजवतात, पण भाड्याने देत नाहीत. तुमच्या मालकांनी दिलंय, त्यांची झोप मोडू नका.

क्राउडफंडिंग होऊ दे, पण पन्नास माणसं झाल्यावर आणि एकाच ठोस गोष्टीसाठी. हवेतली ओल शोषणारे दोन डिह्युमिडिफायर, किंवा एका पीसी-एक्सटीचं पुनरुज्जीवन, फोटोसकट आणि तारखेसकट. महिन्याच्या भाड्यासाठी जगापुढे हात पसरले तर पुढच्या महिन्यात काय करणार?

तुमच्या घरच्या प्रश्नाला तारखेचं उत्तर द्या. पुढच्या शिगम्यापर्यंत पन्नास झाले नाहीत तर दोनाची एक खोली करायची. कुठली वीस यंत्रं ठेवायची आणि बाकीची फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला विचारायची की मिरामारच्या विज्ञान केंद्राला, ही यादी आजच करून खजिनदारांकडे द्या.

राहिले ते पाच लाख. सिअॅटलमध्ये लिव्हिंग कम्प्युटर्स नावाचं संग्रहालय होतं, मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलन यांनी उभारलेलं. जुनी मोठमोठी यंत्रं चालू अवस्थेत, लोकांनी हात लावून वापरायची. ॲलन २०१८ मध्ये गेले, कोविडमध्ये २०२० ला दारं बंद झाली ती उघडलीच नाहीत, आणि २०२४ मध्ये कायमचं बंद करून त्यांच्या संग्रहातल्या वस्तू ख्रिस्तीजच्या लिलावात गेल्या. तिथे पैशांची वाण नव्हती. पण पैसे एकाचे होते, आणि तो गेल्यावर निर्णय वारसांचा होता. तुमचे उद्योजक भले गृहस्थ असतील, पण समितीवरची त्यांची दोन माणसं आणि पाटीवरचं नाव यांमुळे पन्नास माणसांना वाटेल की हे आता त्यांचं झालं, आपल्या तीनशेंची गरज काय. पाच लाख तुमच्या खर्चाने तीन वर्षंही पुरत नाहीत.

त्यांना नाही म्हणू नका, उलट प्रस्ताव द्या. सोसायटी झाल्यावर तिच्या खात्यात, चेकने, एकाच कामासाठी: वायरिंग, अर्थिंग, डिह्युमिडिफायर आणि रॅक. त्या खोलीवर वडिलांचं नाव, संग्रहालयावर नाही. समितीत जागा नाही, मात्र दर सहा महिन्यांनी हिशेबाचा कागद त्यांच्या घरी पोचेल. आणि पत्रात हेही घाला की संस्था बंद पडली तर कायद्याप्रमाणे मालमत्ता सभासदांत वाटली जात नाही, दुसऱ्या संस्थेकडे जाते. त्यांना बरं वाटेल, आणि तुमच्या मित्रांनाही एकदा वाचून दाखवता येईल. समितीवरच्या जागांवर ते अडून बसले तर चहा पाजा, सायबरएजच्या पीसीवर एक डाव खेळू द्या आणि महिना तीनशेचा फॉर्म पुढे करा.